भुंग्याचं लेकरू

ठाणाकुशनूरात गेल्या बत्तीस वर्षांत जी लेकरं जन्मली, त्यातली अर्ध्याच्या वर माझ्या पायावर न्हालेली हायेत. विमलबाई म्हणलं की कुणीबी घर दाखवील. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, औरादला न्हाईतर बिदरला, पण लेकरू घरी आलं की न्हाऊ घालायला मीच लागते. काही घरी मी लेकराला चालायची, पाण्याच्या माठाला चालत नव्हते. त्याचा राग मला अजून हाय, पण तो आज सांगायचा न्हाई. आज माझी गलती सांगायची हाय, आन् दुसऱ्याच्या गलतीमागं आपली झाकायची मला पहिल्यापासून लई सवय.

न्हाऊ घालायचं म्हणजे नुसतं पाणी ओतायचं न्हाई. पाटावर बसून पाय लांब करायचे, लेकरू नडग्यांवर घ्यायचं, करडीचं कोमट तेल टाळूपासून तळपायापर्यंत जिरवायचं. हाताला समदं कळतं. पोट फुगलंय का, अंगात कणकण हाय का, टाळू खाली बसलीय का. आई सांगायच्या आधी मला कळायचं, आन् कळलं की मी बोलायचीच. माझा नवरा बाबूलाल म्हणतो, तुझा हात सोन्याचा, पण जीभ बिब्ब्याची. लागली तिथं फोड येतो. मी त्याला म्हणायची, तुला कुठं फोड आला दाखव. तो हसून शेताला निघून जायचा.

आता भुंग्याचं सांगते.

वीसेक वर्षं झाली असतील. सिद्धेश्वरअण्णाच्या घरी नातू झाला होता. सव्वा महिन्याचं लेकरू, तेल चोळायलेय, तर छातीच्या डाव्या अंगाला हाताखाली काहीतरी गुणगुणलं. भुंगा मुठीत धरला की कसं लागतं, तसं. म्या हात काढला, परत ठेवला, परत तेच. घाबरले, पण घरात कुणाला बोलले न्हाई. लेकरू तर मजेत होतं, दूध ओढायचं, रडलं की गल्ली गोळा व्हायची. सहा महिन्यांत असं गुटगुटीत झालं की माझ्या पायावर मावंना. दोन वर्षांचं झाल्यावर म्या मुद्दाम त्याला जवळ घेऊन छातीला हात लावून बघितला, भुंगा गेलेला. आज ते पोरगं कबड्डी खेळतंय, सोयाबीनचं पोतं एकटं उचलतंय.

त्यावरून म्या मनानंच कायदा केला. ज्याच्या छातीत भुंगा, त्याच्या अंगात ताकद. एक लेकरू बघितलं आन् कायदा केला, आन् गावभर सांगितला बी. बाया हसून विचारायच्या, मावशी, आमच्या लेकरात हाय का गं भुंगा. मी छाती चाचपून बघायची आन् म्हणायची, न्हाई बाई, तुझं साधंच हाय.

मंग राजश्रीचं लेकरू झालं. याला बारा वर्षं झाली.

राजश्री आमच्याच गल्लीतली, माझ्या घरापासून तिसरं घर. मुडबीची लेक, आमच्यात सून होऊन आलेली, अंगानं बारीक, कुणाला वर तोंड करून न बोलणारी. पहिलंच लेकरू, मुलगा. दीड महिन्यावर असताना त्याच्या छातीत भुंगा लागला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तिच्या सासूला हाक मारून म्हणलं, पेढे आणा, भुंग्याचं लेकरू हाय तुमचं. सासू खूश झाली, तिनं मला चोळीचा खण दिला.

पण लेकरू वाढंना. छातीला लावलं की चार-पाच घोट ओढायचं आन् सोडून द्यायचं, दमल्यावाणी झोपायचं. जराशानं परत भुकेनं रडायचं, परत चार घोट, परत झोप. पिताना कपाळावर घामाचे थेंब यायचे, ऐन थंडीत, अंगावर झबलं नसताना. बरगड्यांच्या खाली कातडी आत ओढली जायची, श्वास भाता चालल्यावाणी चालायचा. हे समदं म्या बघितलं. माझ्या पायावरच तर रोज होतं ते. मला दिसलं न्हाई असं मी कुणापुढंबी म्हणू शकत न्हाई.

पण माझा कायदा होता ना. भुंग्याचं लेकरू म्हणजे ताकदीचं. मंग ताकदीचं लेकरू वाढंना कामून? लेकरात खोट न्हाई, तर खोट आईत. उचलली जीभ लावली टाळ्याला. अंगणात पाच बाया बसलेल्या, त्यांच्यापुढं म्या राजश्रीला म्हणलं, तुझं दूध पातळ हाय गं, लेकराच्या अंगी लागंना.

ती पदर ओढून आत गेली.

सासूनं तिला मेथी घातली, हळीव घातले, लसूण घातला. तरी लेकराचं वजन वाढंना. खोकला झाला म्हणून खोकल्याचं औषध आणलं. मंग माझ्याच सल्ल्यानं तिचं पाजणं बंद केलं आन् म्हशीचं दूध बाटलीनं सुरू केलं. लेकरू तिच्या वासानं तिच्याकडं तोंड फिरवायचं, सासू त्याला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची. पाचव्या महिन्यात दोन दिवस त्याला धाप लागली आन् बिदरला नेताना वाटेतच गेलं. गावात बाया एवढंच म्हणल्या, आईचं दूधच बाधलं. ते वाक्य माझंच होतं, जरा वाढवून माझ्याकडं परत आलेलं. म्या व्हय म्हणून मान डोलावली.

आमी बौद्ध माणसं. आमच्यात तायत न्हाई, अंगारा न्हाई, लिंबू उतरणं न्हाई. कुणाच्या लेकराच्या गळ्यात काळा दोरा दिसला की मी चार शब्द सुनावल्याबिगर राहत नव्हते. बाबासाहेबांनी डोळे उघडले म्हणायची. आन् स्वतःच्या तोंडातनं निघालेलं तेवढं खरं, त्याला पुरावा लागत नव्हता. देवऋषी तरी नारळ घेऊन गप्प बसतो. मी एका बाईची जिंदगी नासवली आन् वर त्या खणाची चोळी बी घातली.

राजश्रीला तीन वर्षांनी मुलगी झाली. न्हाऊ घालायला तिनं मलाच बोलावलं. माझ्यावर तिचा काडीचा राग नव्हता, समदा राग स्वतःवर. त्या पोरीला तिनं एक दिवस बी छातीला धरलं न्हाई. दूध दाटून यायचं, ताप चढायचा, ती मोरीत पिळून टाकायची आन् पोरीला डब्यातलं पाजायची. मी तिथंच बसून तेल कोमट करायची. मला तवा वाटायचं, शहाणी झाली पोरगी, ऐकती माझं.

गेल्या साली माझ्या संघपालला मुलगी झाली. संघपाल औरादला मोबाईलच्या दुकानात असतो. सून प्रेरणा उदगीरची, बारावी सायन्स, माझ्यावाणीच तोंडाची. आमचं दोघींचं भांडण गल्लीला ऐकू जातं, पण जेवायला एकमेकीबिगर बसत न्हाई. नात जन्मली तवा दवाखान्यात समदं बरं निघालं, वजन चांगलं, रंग चांगला. पाचव्या आठवड्यात माझ्या हाताखाली भुंगा लागला.

नाचायचीच बाकी होते मी. बाबूलालला शेतातनं बोलावून त्याचा हात धरून तिच्या छातीवर ठेवला. तो म्हणला, मांजर गुरगुरल्यावाणी लागायलंय. म्या म्हणलं, गप, भुंगा हाय तो, आपली नात गाव गाजवणार.

पुढच्या महिनाभरात नातीचं वजन पावशेर बी वाढलं न्हाई. दुपारची वेळ होती, प्रेरणा तिला पाजत बसली होती. पोरगी चार घोट ओढून थांबली. कपाळ ओलं. पंखा चालू होता. मी शेजारी धुरीसाठी ओवा निवडत बसले होते. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "तुझं दूध पातळ हाय गं, लेकराच्या अंगी लागंना."

प्रेरणानं मान वर केली. रडंल वाटलं, पण रडली न्हाई. म्हणली, "आत्या, राजश्रीअक्काला बी तुमी हेच म्हणला होता ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. माझ्यावाणी करू नको म्हणल्या, वेळेवर बाटली लाव. त्यांच्या लेकराला बी असाच घाम यायचा म्हणल्या. आन् छातीत भुंगा होता म्हणल्या."

ओव्याचं सूप तसंच मांडीवर राहिलं. सिद्धेश्वरअण्णाचं पोरगं, राजश्रीचं लेकरू आन् ही. तीन भुंगे. अकरा वर्षांत म्या ते कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितले नव्हते. मधलं म्या मोजलंच नव्हतं, कारण ते मोजलं तर माझा कायदा मोडत होता. म्या संघपालला फोन लावला आन् म्हणलं, आत्ताच्या आत्ता ये, लेकीला बिदरला न्यायचं हाय.

बिदरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, कलबुर्गीच्या. कन्नड बोलायच्या, मराठी तोडकी-मोडकी. मला कन्नड येतं, पण त्या दिवशी दोन्ही भाषा अर्ध्याच कळायल्या होत्या. त्यांनी नळी लावून ऐकलं, मंग नळी बाजूला ठेवून तळहात ठेवला, अगदी मी ठेवते तसा. मंग मशीनवर हृदयाचं चित्र बघितलं. त्यात लाल-निळं हलत होतं आन् मधोमध एक लाल धार भिंतीतनं पलीकडं जात होती.

"आजी, हृदयाला खाली दोन खोल्या असतात," त्या म्हणल्या. "मधल्या भिंतीला भोक हाय. पोटात हृदय तयार होतानाच ते राहून गेलेलं. कुणाच्या खाण्यानं न्हाई, दुधानं न्हाई."

मला कळंना. तवा त्यांनी विचारलं, शेती हाय का. हाय म्हणलं. मंग त्यांनी कागदावर विहीर काढली, मोटर काढली, पाट काढला. मोटर पाणी लांबच्या वावराला ढकलायली, पण पाटाला मधेच भगदाड पडलंय. अर्धं पाणी जवळच्या ओल्या वाफ्यात परत जातंय. तो वाफा पाणी तुंबून चिभडतो, ती फुफ्फुसं, म्हणून धाप. लांबचं वावर तहानलेलं, ते लेकराचं अंग, म्हणून वाढ न्हाई. आन् मोटर दुप्पट चालती, तापती, म्हणून घाम. "दूध ओढणं हे लेकराचं सगळ्यात कष्टाचं काम," त्या म्हणल्या. "आपण जिना चढतो तसं. चार घोटांत ते दमतं. आईचं दूधच त्याला लागतं, ते बंद करू नका. थोडं थोडं, घडीघडीला द्या. ओढता येईना तर पिळून वाटी-चमच्यानं द्या."

मी विचारलं, मंग भुंगा असलेलं एक पोरगं गुटगुटीत कसं झालं. त्या म्हणल्या, भोक बारीक असलं की धार उलट जोरात आवाज करती, नळावर बोट दाबल्यावाणी. तसली कितीतरी भोकं आपोआप बुजतात. आवाजावरनं ताकद कळत न्हाई, आन् आजार किती मोठा ते बी कळत न्हाई. म्हणून भुंगा लागला की तपासायचं. जन्मल्या दिवशी ते बऱ्याचदा कळत न्हाई, आठवड्यांनी कळतं. तवा लेकरू दवाखान्यात नसतं, घरी असतं.

माझ्या पायावर असतं, असं मी मनात म्हणले.

मंग त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणल्या, "आजी, तुमचा हात फार चांगला हाय. याआधी कुठल्या लेकरात हे लागलं होतं का? त्या बारक्या भोकाच्या पोराशिवाय?"

म्या म्हणलं, "न्हाई."

प्रेरणानं माझ्याकडं बघितलं आन् नजर खाली घातली. एवढी भांडखोर सून, तिथं गप्प राहिली. तिनं मला तिथंच उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

औषध सुरू झालं, अंगातलं पाणी कमी करणारं. चार-सहा महिन्यांची झाली, वजन वाढलं, की कलबुर्गीला ऑपरेशन. तोवर आईचं दूध आन् औषध, एवढ्यावर तिचा जीव. चौथ्या दिवशी राजश्री बघायला आली. हातात दूध पावडरचा मोठा डबा.

ती प्रेरणाजवळ बसली, लेकराच्या कपाळावरनं बोट फिरवलं आन् हळूच म्हणली, "तुझं पाजणं आता बंद कर गं. मी अकरा वर्षं भोगायलेय. माझ्या दुधानं माझं लेकरू गेलं. हे घे, हे चांगलं असतं."

प्रेरणा माझ्याकडं बघत होती. डबा दोघींच्या मधे ठेवलेला. मी चुलीपाशी उभी होते आन् मला पळून जावं वाटायलं. साठीला आलेली बाई मी, पण खरंच वाटलं की मागच्या दारानं शेताला निघून जावं.

म्या म्हणलं, "राजश्री, तुझं दूध पातळ नव्हतं."

"मावशी, आता कामून समजूत घालायलीस?"

"समजूत न्हाई. तुझ्या लेकराच्या हृदयात भोक होतं. हिच्या हाय तसंच. तुझं दूध चांगलंच होतं, ते त्याला ओढायलाच होत नव्हतं. घाम, धाप, समदं त्याच्यानंच. मला भुंगा लागला होता आन् म्या त्याला ताकद म्हणलं. दवाखान्यात न्या म्हणायच्या जागी तुझं पाजणं बंद करायला सांगितलं. माझी गलती हाय. समदी माझी."

मंग तिनं विचारलं,

"म्हणजे शेवटचा महिना तो माझ्याकडं तोंड फिरवायचा, ते त्याला पाहिजे होतं?"

"व्हय."

"आन् मी देऊ शकत होते."

"व्हय."

ती उठली. डबा उचलून परत नेला. दारात थांबून म्हणली, "त्या दिवशी अंगणात पाच बाया होत्या. मावशी, तू मला चुलीपाशी सांगायलीस." आन् गेली.

मला तिचं म्हणणं कळलं. गलती पाच जणींपुढं झाली होती, माफी कोपऱ्यात चालत न्हाई. म्या मनाशी म्हणलं, सांगीन, लेकराचं ऑपरेशन होऊ दे. बघा, परत दुसऱ्यामागं लपले. पौर्णिमेला आमच्या विहारात समद्या बाया जमतात. एक पौर्णिमा गेली, दुसरी गेली. प्रत्येक वेळी म्या म्हणलं, नातीचं बरं होऊ दे. राजश्री रोज दारावरनं जायची, वर बघायची न्हाई. तिची सासू तर मधल्या काळातच वारली होती, सुनेचं दूध बाधलं हे मनात धरूनच. तिला सांगायचं तेवढं कायमचं राहिलं.

सहाव्या महिन्यात कलबुर्गीला ऑपरेशन झालं. बाहेर बाकड्यावर आमी बसलेलो. शेजारी एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणायली होती, तुझ्या अंगात दमच न्हाई, म्हणून लेकरू असं निघालं. मी तिच्यावर असली धावून गेले की नर्सबाई बाहेर आली. पाट, मोटर, भगदाड, समदं तिला सुनावलं. बाबूलाल माझ्या कानाशी येऊन म्हणला, "आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. इथं परक्याला शिकवायलीस, गावात कवा सांगणार?" चाळीस वर्षांच्या संसारात त्याचं बोलणं मला पहिल्यांदा बिब्ब्यावाणी लागलं.

नात वाचली. टाके सुकल्यावर म्या तेल लावलं, कापलेली जागा सोडून. डाव्या अंगाला हात ठेवला. हात तसाच ठेवून बसले. आत नुसतं हृदय चालत होतं, बाकी काही न्हाई. प्रेरणा म्हणली, आत्या, तेल थंड होयलंय. मी रडत होते. मी नातीसाठी रडायलेय असं तिला वाटलं असंल, पण मी दुसऱ्याच लेकरासाठी रडत होते. अकरा वर्षांमागं त्याला बी असंच करता आलं असतं.

त्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी उठले. चाळीसेक बाया, त्यात त्या पाचातल्या चौघी. राजश्री मागं भिंतीला टेकून बसलेली, शेजारी तिची मुलगी.

म्या सांगितलं. भुंगा म्हणजे काय ते सांगितलं. पिताना लेकराला घाम आला, चार घोटांत दमलं, बरगड्या ओढायला लागल्या, की मला न विचारता दवाखान्यात न्या म्हणलं. मंग म्हणलं, "राजश्रीच्या लेकराला मी..."

"नाव घे," राजश्री मागनं म्हणली. आवाज मोठा नव्हता. "त्याला नाव होतं. अकरा वर्षं गावानं घेतलं न्हाई."

मला नाव आठवत होतं. नाव ठेवताना मीच तर पाळण्याची दोरी धरली होती. पण म्या ते कधी तोंडावर येऊ दिलं नव्हतं. नाव घेतलं की ते लेकरू खरं होतं, म्हणून आजपर्यंत राजश्रीचं लेकरू, राजश्रीचं लेकरू म्हणत राहिले. तुम्हाला बी इथवर तसंच सांगितलं.

म्या म्हणलं, "धम्मानंद. धम्मानंदच्या हृदयात भोक होतं. त्याच्या आईचं दूध चांगलं होतं. त्याला ते पाहिजे होतं आन् म्या ते तोडलं."

राजश्रीनं मुलीला जवळ ओढून मांडीवर घेतलं. आठ वर्षांची पोरगी, पाय मांडीबाहेर लोंबत होते. राजश्रीनं तिचं डोकं छातीशी दाबून धरलं आन् ती तशीच बसून राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं न्हाई. अजून बी बघत न्हाई, आन् बघावं असं मी तिला कुठल्या तोंडानं म्हणू.